काळीतला शंख, पांढरीतला शंख

आपल्याकडे गावाची जमीन दोनच शब्दांत वाटली गेली आहे. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. वाशिमहून रिसोडकडे जाताना लागणारं रिठद हे असंच काळी-पांढरीचं गाव. काळी म्हणजे बेसॉल्ट झिजून झालेली, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी माती. पांढरी म्हणजे राख, पडक्या भिंती, चुना, हाडं आणि शेण यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा थर. रिठदच्या नावात तर ‘रीठ’ ऐकू येतं, आणि वऱ्हाडात रीठ म्हणजे उठून गेलेलं, ओसाड गाव. व्युत्पत्ती तीच असा माझा दावा नाही. पण माणसं निघून गेल्यावरही उरणाऱ्या पांढरीशी ज्या प्राण्याचं सख्य जमू शकतं, त्याच्याबद्दलच हा लेख आहे.

गोगलगाय नुसती पानं खाऊन जगत नाही, ती मातीही खाते. तिचा शंख जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडी ज्याची असते त्याच पदार्थाचा. प्रावार नावाचा मऊ पडदा शंखाच्या तोंडाशी थरावर थर चढवत काठ पुढे नेतो. पाऊस नेमाने पडला तर काठ भरभर सरकतो. त्याने ओढ दिली की काम थांबतं आणि तिथे एक रेघ राहते. काळ्या मातीत चुनखडीचे खडे नांगरालाही लागतात, त्यामुळे इथल्या गोगलगायीला चुन्याची ददात नसावी. पांढरीत तर घराचं सामानच मातीत मिसळलेलं. कोकणातल्या धुपलेल्या जांभ्यावर मात्र चुन्याची चणचण असते, आणि चुना कमी तिथे शंख पातळ हा जगभरचा अनुभव आहे.

चुन्याइतकीच महत्त्वाची असते ओल. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून २०२१ साली वरादिया आंबोलिएन्सिस या गोगलगायीची नोंद झाली; ‘वरादिया’ हे नाव सरीसृपतज्ज्ञ वरद गिरी यांच्यावरून ठेवलेलं. हिला अर्धी गोगलगाय म्हणावं लागेल, कारण पाठीवरचा शंख इतका तोकडा की तिला त्यात मावता येत नाही. दमट पाचोळ्यात घराचं दार लावून बसण्याची गरजच कमी. वऱ्हाडात मे महिन्यात असा शंख घेऊन जगणं कठीण. इथे जमिनीत शिरायचं, तोंडावर वाळलेल्या स्रावाचा पापुद्रा ओढायचा आणि मृगाची वाट बघायची.

उन्हाशी शंख कसा झुंजतो, हे क्नूट श्मिट-नील्सन आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली नेगेव वाळवंटातल्या गोगलगायीवर मोजलं. जमिनीचा पृष्ठभाग ६५ अंश सेल्सिअसवर गेला तरी आतला जीव ५० अंशांच्या आसपासच राहिला. पांढरा शंख ऊन परतवत होता, आणि जीव वरच्या वेढ्यांत सरकल्याने खाली राहिलेली हवा गादीसारखी आडवी येत होती. भारताच्या कोरड्या पट्ट्यात झूटेकस इन्सुलॅरिस नावाची सेंटिमीटरभर लांबीची, पांढरट, दंडगोल गोगलगाय आढळते. तिचा पसारा पार आफ्रिकेपर्यंत आहे, आणि तिचं बारकं तोंड पाहिलं की पाणी राखण्याचीच सोय आठवते.

ग्लेन गुडफ्रेंड यांनी १९८६ साली शंखाच्या आकारमानावरचा तोवरचा अभ्यास एकत्र तपासला. ओल आणि चुना तर त्यात होतेच, पण मला खरी गंमत वाटली ती दाटीची. एका जागी फार गोगलगायी झाल्या की त्यांचे शंख लहान राहतात. खाणं वाटलं जातं, शिवाय एकमेकींच्या चिकट स्रावानेही वाढ खुंटते. सोयाबीनवाल्याला हे वाचून समाधान वाटणार नाही हे खरं. २०२२च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादमध्ये शंखी गोगलगायींनी कोवळी रोपं रात्रीत फस्त केली, तेव्हा शंख किती लांबीचा हे विचारायला कोणाला सवड नव्हती. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं अंथरायची, पहाटे त्याखालच्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हाच उद्योग.

ही शंखी गोगलगाय मुळात इथली नाही. पूर्व आफ्रिकेतली ही जात १८४७ साली विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि ती चौरंगीच्या एका बागेत सुटली. आफ्रिकेबाहेर पसरलेल्या तिच्या वंशात आनुवंशिक विविधता फारच थोडी आढळते. म्हणून मला ती अभ्यासाला सोयीची वाटते: दोन ठिकाणचे शंख वेगळे दिसले, तर रक्तापेक्षा मातीवर संशय घ्यायला जागा आहे. इंग्लंडमधल्या सेपिया गोगलगायीचं उलट. तिचे पिवळे-तपकिरी रंग आणि पट्टे आनुवंशिक आहेत. कुठे कोणता रंग टिकेल, हे शंख दगडावर आपटून फोडणारा थ्रश पक्षी ठरवतो, असं ऑक्सफर्डच्या केन आणि शेपर्ड यांनी १९५०च्या सुमारास दाखवलं. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणणाऱ्या आपल्या म्हणीला या प्राण्याचा शास्त्रीय वर्गही कळला होता, उदरपाद. पण रंगाचं राजकारण तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

शंखीचा बंदोबस्त करायला शिकारी गोगलगाय आणा, असा उपाय सुचणं साहजिक आहे. १९७७ साली प्रशांत महासागरातल्या मोरेया बेटावर युग्लँडिना सोडली ती याचसाठी. शंखी राहिली बाजूला. युग्लँडिनाने खाल्ल्या त्या तिथल्या पार्ट्युला गोगलगायी. याच गोगलगायींचे दरीदरीगणिक बदलणारे शंख मोजण्यात हेन्री क्रॅम्प्टन यांची उमर गेली होती. दहा वर्षांत मोरेयाच्या रानातून पार्ट्युला जवळजवळ नाहीशा झाल्या.

शंखाचं आकारमान माती ठरवते का, हे रिठदला तपासायचं काम त्या मानाने बिनखर्चाचं आहे. सोयाबीनची सोंगणी झाली की धुऱ्यावर शंखीचे रिकामे शंख शोधावेत, तसेच पांढरीवरच्या पडक्या भिंतींच्या कडेलाही. रंगावर जाऊ नये. मेलेला शंख उन्हाने पांढराच पडतो. नुसती लांबीही फसवते, कारण लहान शंख पोराचाही असेल. आधी वेढे मोजावेत, मग पट्टी लावावी: सात वेढ्यांचा काळीतला आणि सात वेढ्यांचाच पांढरीतला.