बाळगुटीतले वेखंड

घरात पाळणा हलू लागला की सहाण बाहेर निघते. मुरडशेंग, हळकुंड, जायफळ आणि त्यांच्यात ते गाठीगाठींचे, उग्र वासाचे वेखंड. पाणथळ जागी वाढणारी ही वनस्पती. आपण मूळ म्हणतो ते खरे तर जमिनीतले आडवे खोड.

बाळाचे पोट फुगले की उगाळून बेंबीभोवती लेप द्यायचा, ही जुनी रीत. कसर लागू नये म्हणून लोकरी कपड्यांतही तुकडे ठेवतात. कीड पळते ती त्यातल्या तेलाने.

मायबहिणींनो, गोम इथेच आहे. त्या तेलात बीटा-आसारोन नावाचे द्रव्य असते. आपल्याकडच्या वेखंडात ते बरेच. उंदरांवरील प्रयोगांत त्याने आतड्यात गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड घालण्यास बंदी केली. जास्त पोटात गेले तर उलट्याही होतात.

"दोन वेढे जास्त घाल," म्हणणाऱ्या सासूबाईंचा मान राखावा, पण तान्ह्याच्या पोटात वेखंड देऊ नये. लेप पुरे. बाळ दूधच ओढत नसेल, तर लेपातही वेळ न घालवता दवाखाना गाठावा. घरातला तुकडा फडताळात टाका. कसरीला तो छान पुरतो.