टर्बो गेला, मग इंजिनही बदलायचे का?

आपल्या भागात डिझेल मोटारीचे प्रेम जुने आहे. बेळगावहून आज गोवा, उद्या कोल्हापूर, परवा हुबळी अशा फेऱ्या ज्यांच्या मागे आहेत, त्यांना तिचे ॲव्हरेज परवडते. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि लहान डिझेल मोटारी बाजारातून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. मारुतीने तर डिझेल मोटारी विकणेच थांबवले. त्यामुळे दारातली जुनी गाडी आणखी काही वर्षे चालवू, असे अनेक घरांनी ठरवले. अशा गाडीचा टर्बो गेला की गॅरेजमधून सल्ला येतो, ‘साहेब, इंजिनच बदलून टाका.’

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरीही आला. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, यंत्रांशी माझा संबंध चावी फिरवण्यापुरता. पण त्या तीन आठवड्यांत जे समजले, ते वाचकांपैकी कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून हा लेखप्रपंच.

टर्बो करतो काय?

एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे, एवढीच टर्बोची मूळ रचना. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक पंखा फिरवतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त म्हणजे डिझेल अधिक चांगले जळते आणि लहान इंजिनही मोठी ताकद देते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले.

हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो तरंगतो ऑइलच्या सायीहूनही पातळ थरावर. हे ऑइल इंजिनातूनच एका बारीक नळीने येते. ते काही क्षण जरी कमी पडले तरी टर्बोला इजा होते. म्हणून टर्बोचा आजार पुष्कळदा टर्बोत नसतो, ऑइलमध्ये असतो.

धुराचा रंग ओळखा

आमची गाडी चोर्ला घाटात ओढेनाशी झाली. शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि मागे निळसर धूर. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. मी लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि दुसऱ्या दिवशी टो करून आणली.

इथे एक धोका सर्वांनी लक्षात ठेवावा. टर्बोचे सील फुटून ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात शिरले, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच चालू राहते. चावी काढली तरी थांबत नाही, उलट वेग वाढतच जातो. अशा वेळी गिअरची गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडते. ते साधले नाही तर सर्वांना उतरवून दूर जावे. बॉनेट उघडून वाकून पाहण्याच्या फंदात पडू नये.

खर्चाचा आकडा आणि घरातली चर्चा

पहिल्या गॅरेजने दुसरे इंजिन बसवण्याचा खर्च दीड लाखाच्या पुढे सांगितला. गाडी विकली तर दोन लाख येणे कठीण, आणि त्याच महिन्यात मुलीच्या हॉस्टेलची फी भरायची होती. विम्यातून काही मिळेल का, हेही पाहिले. पण नेहमीच्या पॉलिसीत झिजेमुळे आलेला बिघाड धरत नाहीत. सासरे म्हणाले, “जावईबापू, एवढा खर्च करताच आहात तर मोठेच इंजिन बसवा. घाटात सुख होईल.” सौ. म्हणाली, “आधी हा टर्बो का गेला, ते तरी कुणी सांगितलंय का?”

हाच प्रश्न घेऊन मी उद्यमबागेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी एवढेच म्हटले, “सर, इंजिनाचं नंतर बोलूया की. आधी उघडून बघूया.”

त्यांनी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले, ते सारखे आणि पुरेसे निघाले. ऑइलचा दाब पाहिला. खालचा चेंबर उतरवून ऑइलमध्ये धातूचा चुरा आहे का ते तपासले, चुरा नव्हता. मग टर्बोची ऑइलची नळी काढून दाखवली. काजळीने ती निम्म्याहून अधिक बुजली होती. गाडी आम्ही जुनी घेतलेली, आधीच्या काळातल्या ऑइल बदलाच्या नोंदी अर्धवट होत्या. कारण सापडले. इंजिन धडधाकट होते.

टर्बोचा आतला भाग नवा घातला, नळी बदलली, चेंबर धुतला, इंटरकूलरमध्ये साचलेले ऑइल काढले, ऑइल व फिल्टर नवे टाकले. पहिल्यांदा चालू करण्याआधी टर्बोत हाताने ऑइल सोडले. सगळे मिळून पहिल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शातही भागले. नळी तशीच ठेवून नुसता टर्बो बदलला असता, तर नवाही लवकरच गेला असता.

इंजिन केव्हा बदलावे?

प्रत्येक वेळी असे स्वस्तात सुटत नाही. कॉम्प्रेशन उतरलेले असेल, ऑइलमध्ये चुरा असेल, क्रँकची बेअरिंगे खाल्ली असतील किंवा पंख्याचा तुकडा आत जाऊन पिस्टनला लागला असेल, तर मोठे काम अटळ आहे. तेव्हाही आहे तेच इंजिन बोअर करून, पिस्टन-रिंग व बेअरिंगे घालून दुरुस्त होते का, हे आधी विचारावे. इंजिनाचा नंबर तोच राहतो आणि कागदपत्रांची कटकट वाचते.

जुन्या बाजारातून इंजिन आणायचे तर ते कोणत्या गाडीचे, त्याचा कागद आणि बिल घ्यावे. नंबर घासलेला असेल तर हात लावू नये. चोरीच्या गाडीचे निघाले तर पोलीस ठाण्याची पायरी आपल्याला चढावी लागेल. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. म्हणून आरटीओत आधी विचारून मगच काम करावे आणि नवा नंबर आरसीत चढवून घ्यावा. विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

राहिला मोठ्या इंजिनाचा मोह. एकाच १२४८ सीसीच्या मल्टीजेट इंजिनाचे ७५ आणि ९० अश्वशक्तीचे असे दोन अवतार आपल्याकडे होते. पण ७५ च्या जागी ९० म्हणजे चार बोल्ट बदलणे नव्हे. टर्बो वेगळा आणि त्याला हुकूम देणारा संगणकही वेगळा. शिवाय वाढलेला जोर क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक यांनी पेलायला हवा. शेवटी गाडी ना कंपनीची राहते, ना कागदावरची. सासऱ्यांनाही हे पटले.

आता ऑइल वेळेवर आणि सांगितलेल्याच प्रतीचे घालतो. एअर फिल्टर पाहतो. घाट चढून आल्यावर मिनिटभर गाडी उभी ठेवूनच बंद करतो, म्हणजे तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहते. वाचकांवर अशी वेळ आलीच, तर मिस्त्रींना तीन गोष्टी विचाराव्यात : टर्बो का गेला? कॉम्प्रेशन किती आले? ऑइलच्या नळीतून काय निघाले? उत्तरे मिळेपर्यंत इंजिनासाठी ॲडव्हान्स देऊ नये.