तोफेच्या धातूची साक्ष

राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात गेलेल्या माणसाला गाईड कलालबांगडी तोफेपाशी हमखास थांबवतो. पंचधातूची आहे, उन्हात तापत नाही, गंजत नाही, असे सांगतो. हे खरे की खोटे, ते पाहायला एवढी अवजड तोफ हलवण्याची गरज उरलेली नाही. प्रयोगशाळाच होडीतून तिच्यापर्यंत जाऊ शकते.

या प्रयोगशाळेतले क्ष-किरणांचे यंत्र ड्रिल मशीनएवढे असते, वजन दीड-दोन किलो. नाक धातूला टेकवून कळ दाबली की आतली नळी क्ष-किरण सोडते. त्यांच्या माऱ्याने अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडतो, बाहेरचा त्या जागी येतो आणि त्या उडीत अणू स्वतःचा क्ष-किरण फेकतो. त्याची ऊर्जा मूलद्रव्यागणिक ठरलेली असते: लोखंड 6.4 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, तांबे 8, कथील 25. 2023 साली चंद्राची माती तपासणाऱ्या प्रज्ञान बग्गीतल्या एका उपकरणाचे तत्त्वही हेच. तोफेला ओरखडाही न उठता मिनिटाभरात धातू कळतो.

मात्र किनाऱ्यावर या आकड्यांवर डोळे मिटून विसंबू नये. किरण मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतकेच खोल पाहतात, आणि खाऱ्या वाऱ्याने नेमका तोच थर बदललेला असतो. शिवाय कार्बन या यंत्राला दिसतच नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातल्या गाड्यावरच्या दोन तोफांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव आहे, म्हणून त्यांचे मूळ कळते. नाव नसलेल्या तोफेचे लोखंड ओतीव की घडीव, हे ठरते कार्बनवरून. त्यासाठी लेसरचे यंत्र लागते, आणि ते बारीकसा का होईना, खड्डा पाडते. जुन्या तोफेवर तो पाडण्याआधी दहादा विचार व्हावा.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते रामन यंत्र. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1928 मध्ये दाखवलेल्या प्रकाशाच्या विखुरण्यावर ते चालते आणि गंजाची जात सांगते. अ‍ॅकागेनाइट नावाचा गंज आढळला, तर समुद्री मिठातले क्लोराइड धातूला आतून खात आहे असे समजावे. अशा तोफेवर नुसता रंग फासला तर क्लोराइड आतच राहते आणि पोखरणे चालूच राहते.

म्हणून पुरातत्त्व खात्याला विनंती आहे: रायगडच्या किनाऱ्यावरची प्रत्येक तोफ आधी मोजा, मग डागडुजी करा, आणि ती मोजमापे तोफेशेजारच्या फलकावर मराठीत लिहा.