मानधनाचा जमाखर्च

गेल्या गणेशोत्सवात आमच्या गल्लीतील मंडळाचा जमाखर्च लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी ना! मांडव, ध्वनिक्षेपक, हारतुरे, चहा-चिवडा, सर्वांच्या पावत्या होत्या. व्याख्यात्यांच्या नावापुढे मात्र 'शाल व श्रीफळ' एवढेच! व्याख्याने हाच त्यांचा चरितार्थ. बसभाडेसुद्धा त्यांनी पदरचे घातले होते. 'मंडळ गरीब आहे,' असे त्यांना सांगणाऱ्यांत मीही होतो, हे आठवून मान खाली गेली.

मग व्यावसायिक वक्त्याने विनामूल्य बोलूच नये काय? तसे नाही. व्याख्यान हे आपल्याकडे लोकशिक्षणाचे जुने साधन आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली सुरू झाली. पण रानडे न्यायखात्यात नोकरीला होते. त्यांचे घर व्याख्यानांवर चालत नव्हते. हा फरक आपण विसरतो.

तासाभराच्या व्याख्यानामागे तयारीचे दिवस आणि प्रवास असतो. शिवाय गणेशोत्सवाच्या संध्याकाळी मोजक्याच. त्यांतली एक फुकट दिली की दुसरीकडचे मानधन बुडते. अर्थशास्त्रात यालाच वैकल्पिक परिव्यय म्हणतात. तेच व्याख्यान रिकाम्या दिवशी दिले, तर त्याग पुष्कळ कमी.

म्हणून वक्त्याने होकारापूर्वी चार प्रश्न विचारावेत. कार्य आपल्याला मनापासून पटते काय? मांडववाल्यासह सारेच विनामूल्य राबत आहेत, की फक्त आपण? तिकीट लावून कोणी नफा मिळवणार आहे काय? आणि आपण फुकट बोललो, तर याच कामावर पोट असलेल्या नवोदिताचे मानधन तर बुडत नाही ना? उत्तरे समाधानकारक असतील तर आनंदाने बोलावे. प्रवासखर्च मात्र संयोजकांनीच द्यावा. 'पुढे नाव होईल' या आश्वासनाची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही.

आणखी एक मार्ग आहे. एके काळी आपल्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवणाऱ्या पु. ल. देशपांडे यांनी पुढे आपले प्रयोग तिकीट लावून केले आणि मिळालेल्या पैशांतून अनेक संस्थांना देणग्या दिल्या. कलेचे मोलही राहिले, दानही घडले.

आपल्या मंडळांनाही हे जमेल. वक्त्याने मानधन सोडले, तर खर्चाच्या बाजूस 'मानधन' आणि जमेच्या बाजूस तेवढीच 'व्याख्यात्यांची देणगी' लिहावी. शिल्लक तीच राहते. पण आपण कोणाकडून काय घेतले, हे वहीत दिसते. यंदा मी तशीच नोंद करणार आहे. बसभाड्याची रक्कम मात्र रोख!

— एक विद्यार्थी, बी. कॉम. भाग २