वाट पाहणे संपले. काम संपले का?
संगणकाच्या गाभ्यातील कुलपे आणि प्रतीक्षेची मुदत

उमरगा / प्रतिनिधी

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावात एटीएम ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. यंत्रात कार्ड घालावे, रक्कम सांगावी, यंत्राने बराच वेळ गप्प राहावे आणि अखेर पडद्यावर 'वेळ संपली' असा संदेश उमटावा, हा अनुभवही अनेकांच्या वाट्याला येतो. नोटा हाती पडत नाहीत. मोबाइलवर मात्र रक्कम वजा झाल्याचा संदेश येऊन धडकतो. मग पैसे गेले कुठे? या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यायचे, तर संगणकातील 'कुलूप' आणि 'मुदतीची प्रतीक्षा' या दोन कल्पना समजून घ्याव्या लागतात. त्यांचे मूळ रूप दिसते ते संगणक प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजेच कर्नेलमध्ये.

लिनक्स असो वा विंडोज, प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे वाटप करण्याचे काम कर्नेल करतो. एकाच वेळी अनेक कामे तीच माहिती हाताळू लागली, की घोटाळ्याची शक्यता निर्माण होते. समजा, संयुक्त खात्यात ५,००० रुपये आहेत आणि दोघांनी दोन ठिकाणांहून प्रत्येकी ४,००० रुपये मागितले. दोन्ही व्यवहारांनी एकाच क्षणी शिल्लक वाचली, तर दोघांनाही ती पुरेशी दिसेल. हे टाळण्यासाठी पहिल्याचे काम पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला बाहेर थांबवावे लागते. यालाच कुलूप म्हणतात.

रेल्वेने ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधी वापरली. एकेरी मार्गावर टोकनचा गोळा चालकाच्या हाती असल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात जात नसे आणि यंत्रातून एका वेळी एकच गोळा बाहेर येई. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकात संगणकासाठी अशी व्यवस्था मांडली, तेव्हा तिला रेल्वेच्या सिग्नलचेच 'सेमाफोर' हे नाव मिळाले.

कर्नेलमधील कुलपे प्रामुख्याने दोन प्रकारची असतात. 'स्पिनलॉक' बंद असेल, तर प्रोसेसर दारातच उभा राहून पुन्हा पुन्हा कडी वाजवत राहतो. काम क्षणार्धाचे असेल, तरच हे परवडते. 'म्युटेक्स' बंद असेल, तर ते काम झोपी जाते, प्रोसेसर दुसऱ्या कामाला लागतो आणि कुलूप उघडताच झोपलेल्याला उठवले जाते. मात्र, एकाच्या हाती पहिले कुलूप, दुसऱ्याच्या हाती दुसरे आणि दोघेही एकमेकांच्या कुलपाची वाट पाहत बसले, तर कोंडी होते. अरुंद पुलावर समोरासमोर आलेल्या दोन एसटी गाड्यांसारखी ही अवस्था. कुलपे नेहमी ठरलेल्या क्रमानेच घ्यायची, हा त्यावरचा जुना व खात्रीचा उपाय होय.

डिस्क किंवा नेटवर्कसारख्या उपकरणांची गोष्ट वेगळी. ती बिघडू शकतात, म्हणून त्यांच्या उत्तराची वाट अमर्याद काळ पाहून चालत नाही. लिनक्समध्ये डिस्कला दिलेल्या आज्ञेसाठी साधारणतः ३० सेकंदांची मुदत असते. गंमत अशी, की लिनक्सच्या सेमाफोरसाठी मुदतीची प्रतीक्षा उपलब्ध आहे, पण नेहमीच्या म्युटेक्ससाठी ती नाही. म्युटेक्स अडकून पडणे हा मूळ प्रोग्राममधील दोष मानला जातो. मुदत घातली तर दोष झाकला जाईल, सुटणार नाही. एखादे काम १२० सेकंदांहून अधिक काळ असे अडकले, तर कर्नेल इशाऱ्याची नोंद तेवढी करतो.

खरा धोका मुदत संपल्यानंतर सुरू होतो. कर्नेलने वाट पाहणे सोडले, हे डिस्कला ठाऊक नसते. कर्नेलने मेमरीची ती जागा दुसऱ्या कामाला देऊन टाकली आणि डिस्कने उशिरा का होईना माहिती तिथेच आणून ओतली, तर भलत्याच कामाची माहिती बिघडते. म्हणून आधी आज्ञा रद्द करायची, ती खरोखर रद्द झाल्याची खात्री करायची आणि मगच जागा मोकळी करायची, असा नियम पाळावा लागतो.

मुदत संपणे हे निदान नव्हे, हे मंगळावरही दिसून आले. ४ जुलै १९९७ रोजी तेथे उतरलेल्या 'पाथफाइंडर' यानाचा संगणक अधूनमधून आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाची नोंद घेणाऱ्या कमी महत्त्वाच्या कामाने एक कुलूप घेतले होते. अधिक महत्त्वाचे काम त्याच कुलपासाठी ताटकळत होते आणि मधल्या दर्जाची कामे प्रोसेसर अडवून बसली होती. ठरलेल्या वेळेत महत्त्वाचे काम झाले नाही, हे पाहून पहारेकरी यंत्रणा संगणक पुन्हा सुरू करी. मुदतीने संकट ओळखले, कारण मात्र सांगितले नाही. ते अभियंत्यांनी पृथ्वीवर शोधले. कुलूप धरणाऱ्या कामाला वाट पाहणाऱ्याचा दर्जा तात्पुरता बहाल करण्याची सोय त्यांनी दुरूनच सुरू केली आणि प्रश्न मिटला.

एटीएमचा व्यवहार कर्नेलच्या कितीतरी वरच्या पातळीवर चालतो, पण तत्त्व तेच. यंत्राची मुदत संपली, याचा अर्थ बँकेच्या संगणकाने रक्कम वजा केली नाही, असा होत नाही. उत्तर वेळेत आले नाही, एवढाच निष्कर्ष निघतो. म्हणून दोन्हीकडच्या नोंदी नंतर ताडून पाहाव्या लागतात. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने स्वतःहून परत जमा करावयाची असते. त्यापुढील विलंबासाठी ग्राहकाला दररोज १०० रुपये भरपाई मिळते. तेव्हा 'वेळ संपली' असे दिसताच घाईने पुन्हा तोच व्यवहार करण्याऐवजी आधी खात्याची नोंद तपासावी आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवावा. कर्नेललाही नेमकी हीच शिस्त पाळावी लागते.