धार किती तिरकी असावी?



काजूचे कलम घरी करायचे ठरवले, काडी चांगली निवडली, प्लॅस्टिकची पट्टीही घट्ट बांधली, तरी काडी सुकते. मग आपण हवेला नाही तर रोपाला दोष देतो. चाकूकडे कोणी पाहत नाही. बोथट धार काप घेत नाही, चेंगरते. आणि सालीखालचा हिरवा थर चेंगरला की दोन लाकडे एकजीव होत नाहीत.

आपल्या खानापूर तालुक्यात एकेका घरात उसाचा कोयता, फणसाची फांदी तोडायची कुऱ्हाड आणि खिशातला घडीचा चाकू असतो. सगळ्यांना एकाच दगडावर, एकाच तऱ्हेने धार लावली जाते. येथेच चुकते. कोयत्याला घाव सोसायचा असतो, म्हणून त्याची धार जाड हवी. दोन्ही बाजूंनी 25 ते 30 अंश. घडीच्या चाकूला प्रत्येक बाजूने 20 अंश पुरे. (दातेरी विळा दगडावर घासूच नये, दाते जातात.)

अंश मोजायला कंपासपेटी नको. पाते दगडावर आडवे ठेवावे आणि पात्याच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी पाठ वर उचलावी. हे जवळजवळ 20 अंश होतात. दोन सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ सुमारे सात मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीइतकी उचलावी. अर्धी रुंदी उचलली की 30 अंश झाले.

उतार बरोबर आहे की नाही, हे पाहायला धारेला शाई लावून दोन हात फिरवावेत. शाई अगदी टोकावरून निघाली तर ठीक. टोकावरच राहिली तर पाठ कमी उचलली आहे. पलीकडच्या अंगाला खरखरीत कड लागेपर्यंत एक बाजू घासावी, मग दुसरी. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाते उलट ओढावे.

कलमाचा चाकू बहुधा एकाच बाजूने उतरता असतो. त्याची सपाट बाजू दगडावर सपाटच ठेवावी, उचलू नये. ती उचलून घासली की काप वाकडा येतो आणि पाचर खाचेत नीट बसत नाही.

विजेच्या चाकावर धार झटपट लागते खरी, पण पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरले. ते पुन्हा बोथट व्हायला वेळ लागत नाही. मी तरी दगडच पसंत करतो.

आणि बोट? ते बोथट चाकूनेच अधिक कापते, कारण जोर लावावा लागतो आणि पाते घसरते. जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, स्वच्छ फडक्याने दाबून धरावी. राख, तंबाखू किंवा शेण लावू नये. माती-शेणाच्या जखमेतून धनुर्वात होतो. मळकी जखम असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर लगेच आरोग्य केंद्रात जावे. शेवटची सुई कधी घेतली ते आठवत नसेल, तर तेही तेथे सांगावे.