स्विच्ड-ऑन बाख

स्विच्ड-ऑन बाख हा अमेरिकन संगीतकार वेंडी कार्लोस यांचा पहिला अल्बम आहे. तो १९६८ मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्स या कंपनीने प्रकाशित केला. यात योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराच्या रचना मूग सिंथेसायझरवर वाजवलेल्या आहेत. निर्मितीत रेचेल एल्काइंड यांचा महत्त्वाचा सहभाग होता.

पार्श्वभूमी

कार्लोस यांनी ब्राउन विद्यापीठात संगीत व भौतिकशास्त्राचे, तर कोलंबिया विद्यापीठात संगीतरचनेचे शिक्षण घेतले. त्या काळी इलेक्ट्रॉनिक संगीत प्रामुख्याने प्रयोगशील संगीतकारांपुरते मर्यादित होते आणि सामान्य श्रोत्यांना ते दुर्बोध वाटे. या वाद्यातून सुरेल, परिचित संगीतही निर्माण होऊ शकते, हे कार्लोस यांना दाखवायचे होते. वाद्याचे निर्माते रॉबर्ट मूग यांना त्यांनी अनेक सुधारणा सुचवल्या. बोटांच्या दाबाला प्रतिसाद देणारी स्वरपट्टी ही त्यांपैकी एक होय.

ध्वनिमुद्रण

तत्कालीन मूग सिंथेसायझरवर पियानो किंवा पेटीप्रमाणे अनेक स्वर एकत्र वाजवता येत नसत; एका वेळी एकच स्वर निघे. त्यामुळे प्रत्येक स्वरावली स्वतंत्रपणे वाजवून आठ पट्ट्यांच्या ध्वनिमुद्रकावर एकीवर एक मुद्रित करावी लागली. वाद्याचे स्वर वारंवार उतरत असल्याने ते पुन्हा पुन्हा जुळवावे लागत. बाखच्या संगीतात अनेक स्वतंत्र स्वरावली एकाच वेळी चालतात, म्हणून ते या पद्धतीला विशेष अनुकूल ठरले.

रचना

अल्बममध्ये बाखचे इन्व्हेन्शन, प्रेल्यूड व फ्यूग यांसह तिसरा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो समाविष्ट आहे. या कॉन्चेर्तोच्या मधल्या भागासाठी बाखने केवळ दोन स्वरसंघात लिहून ठेवले आहेत. तेथे कार्लोस यांनी स्वतःची रचना योजली.

प्रतिसाद आणि प्रभाव

काही अभिजात संगीतप्रेमींना हा प्रयोग रुचला नाही. मात्र विख्यात पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी त्याची प्रशंसा केली. अल्बम बिलबोर्डच्या सर्वसाधारण यादीत पहिल्या दहांत पोहोचला. १९७० मध्ये त्याला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. या यशामुळे सिंथेसायझर प्रयोगशाळेबाहेर पडून लोकप्रिय संगीतात रुजू लागला. पुढे कार्लोस यांनी अ क्लॉकवर्क ऑरेंज (१९७१) आणि ट्रॉन (१९८२) या चित्रपटांना संगीत दिले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा अल्बम राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट केला आहे.